आधी संसार, मग परवाना!

विवाह हा संस्कार मानावा की करार मानावा, या वादावर आमच्याकडे शतकभर पुष्कळ शाई खर्ची पडली. शास्त्रीमंडळींनी एक बाजू घेतली, सुधारकांनी दुसरी घेतली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दोहोंचाही थोडथोडा मान राखला. परंतु विवाह हा मुळात एक संशय आहे आणि तो फिटेपर्यंत नवराबायकोने एकमेकांपासून दूर राहावे, असे मत त्या वादात कोणीही मांडले नव्हते. ते मांडण्याचा मान संपन्न राष्ट्रांच्या प्रवेशखात्यांकडे जातो. लग्न लागल्यावर नवऱ्याकडे जाऊ पाहणाऱ्या मुलीस ही खाती सांगतात की, तुम्ही एकत्र राहिल्याचा पुरावा आणा, मग तुम्हांस एकत्र राहण्याची परवानगी देऊ. आधी संसार आणि मग परवाना, असा हा उफराटा न्याय आहे.

हा विषय आमच्या पत्राने पहिल्या पानावर घ्यावा एवढा मोठा आहे काय, असे कोणी विचारील. गोंदियाचे नाव आजवर घेतले गेले ते तांदळाच्या गिरण्यांसाठी, विडीच्या धंद्यासाठी, नागझिऱ्याच्या अरण्यासाठी आणि हावडा-मुंबई मार्गावरील जंक्शनासाठी. परदेशी जाणाऱ्यांचा जिल्हा म्हणून जालंधर किंवा आणंद यांच्या पंक्तीस त्याला कोणी बसविणार नाही, आणि बसविण्याचे कारणही नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. येथील सोयरिकी पूर्वापार बालाघाट आणि राजनांदगाव यांच्यापलीकडे फारशा जात नसत. परंतु नागपूर-पुण्यास शिकून मेलबर्न, टोरँटो किंवा ऑकलंड गाठलेली मुले आता आमच्या तालुक्यांतही आहेत, आणि धानाची मळणी आटोपून तुळशीचे लग्न लागले की त्यांच्यासाठीही स्थळे पाहिली जातात. मुलगा तीन-चार आठवड्यांच्या रजेवर येतो, मांडव उभा राहतो, अक्षता पडतात, आणि हळद उतरण्यापूर्वी तो विमानात बसतो. पुढे काय होते हे ज्या घरांतून घडते त्यांनाच ठाऊक असते, कारण त्याची वाच्यता करण्यास कोणी राजी नसतो. संख्येने ही घरे थोडी असतील. पण ज्या घरची लेक लग्न होऊन अंगणातच राहिली आहे, त्या घराला संख्येचा दिलासा देता येत नाही.

प्रश्नाचे स्वरूप नीट ध्यानात यावे म्हणून न्यूझीलंडचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. त्या देशाच्या नियमपुस्तकात आपल्याकडील ठरवून केलेल्या लग्नाला स्वतंत्र जागा आहे. ‘सांस्कृतिक परंपरेनुसार ठरविलेला विवाह’ अशा नावाचा अभ्यागत व्हिसा तेथे दिला जातो. तो तीन महिन्यांचा असतो आणि तो मिळण्यासाठी जोडीदार न्यूझीलंडचा नागरिक किंवा तेथील कायम रहिवासाचा हक्क असलेला असावा लागतो. या व्हिसाची जुनी अट मात्र मोठी मासलेवाईक होती. लग्न न्यूझीलंडमध्ये पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत आणि न्यूझीलंडच्या भूमीवरच लागले पाहिजे! म्हणजे तिरोड्याच्या मुलीचे लग्न तिच्या गावी, हजार माणसांच्या साक्षीने, दोन्हीकडच्या मामांच्या उपस्थितीत लागले तर ते या नियमात बसत नव्हते. आणि तेच ऑकलंडच्या एखाद्या भाड्याच्या सभागृहात दहा-बारा पाहुण्यांपुढे लागले असते तर बसले असते. परंपरेचा आदर करण्यासाठी काढलेल्या नियमाने परंपरेलाच बोहल्यावरून उठविले होते.

मग गावी लग्न झालेल्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी जोडीदार म्हणून अर्ज करण्याचा सर्वसाधारण मार्ग होता. परंतु तेथे उभयता ‘खऱ्या आणि स्थिर’ संबंधात एकत्र राहत असल्याचे दाखवावे लागते, आणि कायम रहिवासासाठी तर असा सहवास बारा महिन्यांचा लागतो. दोघांच्या नावाचा भाडेकरार, दोघांचे बँकेचे खाते, एकाच पत्त्यावर आलेली टपाले, हे त्याचे पुरावे. लग्नानंतर पंधरा दिवस सासरी काढलेल्या मुलीने हे आणावे कोठून? बरे, साध्या अभ्यागत म्हणून जावे तर अधिकारी म्हणणार की, जिचा नवरा येथे आहे ती परत जाण्याच्या हेतूने येतच नाही, सबब ही खरी अभ्यागत नव्हे. एका दारात ती पुरेशी पत्नी नाही म्हणून अडविली जाते आणि दुसऱ्या दारात ती पत्नी आहे म्हणून अडविली जाते. वर्षानुवर्षे यातून वाट काढली जात होती ती अधिकाऱ्यांच्या विवेकाने. नियमाला अपवाद करून ते असे व्हिसा देत असत. २०१९ मध्ये त्यांना नियम काटेकोरपणे पाळण्याची अंतर्गत सूचना गेली आणि नकारांची पत्रे निघू लागली.

त्यानंतर जे झाले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. ऑकलंडमधील भारतीयांनी सभा घेतल्या, निवेदने दिली. तेव्हाच्या मंत्रिमंडळातील न्यूझीलंड फर्स्ट या पक्षाचे शेन जोन्स यांनी त्यांना उत्तर दिले की, पसंत नसेल तर पुढचे विमान पकडून घरी जावे. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांना या उद्गारांपासून जाहीरपणे दूर व्हावे लागले. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये स्थलांतर खात्याचे मंत्री इयन लीस-गॅलोवे यांनी नियम बदलला आणि परदेशी लागलेल्या लग्नांनाही या व्हिसाचे दार उघडले. मात्र लग्नानंतर तीन महिन्यांची मुदत पाळावी लागते. जागरूक नागरिकांनी सनदशीर मार्गाने सरकारला माघार घ्यावयास लावली, हे लोकशाहीला भूषणावह झाले. दैव मात्र त्या जोडप्यांच्या बाजूस नव्हते. १९ मार्च २०२० रोजी महामारीमुळे न्यूझीलंडने आपल्या सीमा बंद केल्या, त्या पूर्णपणे उघडल्या २०२२ च्या जुलैअखेरीस. ज्यांना नुकती वाट मिळाली होती, त्यांच्यापैकी अनेकांपुढे ती पुन्हा बंद झाली.

परराष्ट्राने आमच्या विवाहाकडे संशयाने पाहावे यात नवीन काहीच नाही. १४ मार्च १९१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांनी दिलेल्या निकालाचा अर्थ असा झाला की, ख्रिस्ती पद्धतीने न लागलेले किंवा तेथील कायद्याने न नोंदलेले विवाह विवाहच नव्हेत. म्हणजे हजारो भारतीय स्त्रिया एका रात्रीत कायद्याच्या दृष्टीने कोणाच्याच पत्नी राहिल्या नाहीत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कस्तुरबा गांधी घराबाहेर पडून तुरुंगात गेल्या, त्यामागे हा अपमान होता. गोपाळ कृष्ण गोखले आदल्याच वर्षी त्या देशाचा दौरा करून आले होते. लढ्यासाठी त्यांनी हिंदुस्थानात पैसा उभा केला आणि १९१४ च्या कायद्याने एका पुरुषाच्या एका पत्नीला तरी मान्यता मिळाली. दुसरे उदाहरण ब्रिटनचे आहे आणि ते लिहितानाही संकोच वाटतो. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती अविवाहित आहे याची खात्री करून घेण्याकरिता, शारीरिक तपासणी करण्यात आली. वाग्दत्त वधूला त्या वेळी आधी परवाना काढावा लागत नसे, पत्नीला लागत असे. तेव्हा ही बाई वधू म्हणवते पण असेल पत्नी, असा त्या अधिकाऱ्यांचा वहीम! बोभाटा झाल्यावर ही पद्धत बंद झाली. परंतु अशा तपासण्या ऐंशीहून अधिक स्त्रियांच्या झाल्या होत्या, हे सरकारी कागदपत्रांवरून २०११ मध्ये उघडकीस आले. तेव्हा वधूवर आरोप होता की ती पत्नी असावी, आता पत्नीवर आरोप आहे की ती पुरेशी पत्नी नसावी. आरोप बदलला; आरोपी मात्र तीच राहिली.

याचा अर्थ प्रवेशखात्यांनी डोळे मिटून शिक्के मारावेत असा नाही. कोणाला आपल्या देशात घ्यावे हे ठरविण्याचा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर जून २०२४ मध्ये असे म्हटले की, परदेशी जोडीदारास देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे. तो निकाल आम्हांस अनुदार वाटतो, पण राज्यांची वृत्ती त्यातून कळते. शिवाय कागदोपत्री लग्ने लावून माणसे परदेशी पाठविण्याचा धंदा आपल्याच देशात चालतो, हे कोण नाकारील? पंजाबात इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलगी पाहून तिच्या शिक्षणाचा खर्च वरपक्षाने करावा आणि तिच्या मागोमाग वराने परदेश गाठावा, असे व्यवहार उघडपणे होतात. असल्या लोकांना पकडावे, खुशाल पकडावे. दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारावेत, घरी येऊन चौकशी करावी, लग्नापूर्वीच्या बोलण्याचालण्याची नोंद पाहावी, लबाडी सिद्ध झाल्यास कायमची बंदी घालावी. परंतु एकत्र राहू न देता एकत्र राहिल्याचा पुरावा मागणे ही चौकशीच नव्हे. उलट त्यातून लबाडालाच सोय होते. खोटे भाडेकरार आणि खोटी खाती तयार करणे त्याला सोपे असते; जड जाते ते खऱ्या जोडप्याला. संन्याशाला सुळी देऊन चोर सोडण्याचाच हा प्रकार आहे.

२०१९ ची सुधारणा चांगली खरी, पण तिच्यातही एक गाठ राहिलीच आहे, आणि आमच्या मते सर्व प्रश्नाचे मर्म तेथे आहे. न्यूझीलंडच्या नियमाप्रमाणे हा विवाह अशा परंपरेतील असावा लागतो की, जीत जोडीदाराची निवड घडवून आणण्यासह लग्नाची ठरवाठरव वधूवर सोडून इतरांनी केलेली असते. ही व्याख्या ज्याने लिहिली त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा आमच्या आजीचे लग्न असावे. आज गोंदियात लग्ने कशी ठरतात? समाजाच्या परिचय मेळाव्यात मुलगा-मुलगी व्यासपीठावर उभे राहून आपली माहिती स्वतः सांगतात. मावशीने पाठविलेला परिचयपत्रक मोबाइलवर येतो, मग मुलगी स्वतः त्या मुलाशी तीन-चार महिने बोलते, मनास न आल्यास नाही म्हणते, मनास आले तर वडिलांकडे गोष्ट काढते; आणि वडील जणू स्थळ आपणच शोधले अशा थाटात सुपारी फोडतात. हे लग्न ‘ठरविलेले’ की ‘ठरलेले’? अधिकाऱ्यापुढे मुलीने खरे सांगितले की आम्ही दोघांनी एकमेकांना पसंत केले, तर ती परंपरेबाहेर पडण्याचा धोका; आणि मला कोणी विचारलेच नाही असे सांगितले, तर सक्तीच्या लग्नाचा संशय. स्वसंमती हीच ज्या विवाहाची खरी शोभा, त्या विवाहात स्वसंमती झाकून ठेवण्याची पाळी सुशिक्षित मुलीवर यावी, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. आणि जिने आईवडिलांच्या आशीर्वादाने पण स्वतःच्या निवडीने, कदाचित जातीबाहेर, लग्न केले, तिला तर हा मार्गच नाही. परक्या सरकारच्या नियमाने आमच्यातील जुन्या चालीस बक्षीस द्यावे आणि नव्या चालीस दंड करावा, हे आम्हांस मान्य नाही. पती-पत्नीने एकत्र राहावे ही काही भारतीयांची खास सांस्कृतिक लकब नव्हे. २०२३ च्या खानेसुमारीप्रमाणे न्यूझीलंडमध्ये सुमारे २ लाख ९२ हजार भारतीय वंशाचे लोक आहेत. त्यांच्या विवाहांना अपवादाच्या कोनाड्यात न ठेवता साध्या विवाहाप्रमाणे वागविण्याची वेळ आली आहे.

या साऱ्या खटाटोपात सोसावे लागते ते मुलीला, याची आम्हांस विशेष खंत वाटते. नवरा तिकडे नोकरी करीत असतो. त्याचे दिवस कामात जातात. इकडे मुलीने परदेशी जायचे म्हणून शाळेतील किंवा बँकेतील नोकरी सोडलेली असते. सासरी राहावे तर ज्याच्यामुळे ते घर आपले झाले तो माणूस तेथे नाही, आणि माहेरी परतावे तर शेजारीण विचारते, “काय गं, अजून गेली नाहीस?” पहिला नकार आला की कुजबूज सुरू होते, दुसरा आला की सासरचे लोक तिच्या कागदपत्रांत, आणि मग तिच्या पायगुणात, दोष पाहू लागतात. सरकारी खात्याने घातलेल्या विलंबाची शिक्षा ती घरात भोगते.

व्हिसा मिळाल्यावरही तिची काळजी संपत नाही. तीन महिन्यांच्या मुदतीवर परमुलखात उतरलेल्या मुलीचा पुढचा प्रत्येक अर्ज नवऱ्याच्या पाठिंब्यावर अवलंबून असतो. तो भला असेल तर प्रश्न नाही. नसेल तर “तुझी सही माझ्या हातात आहे” एवढे म्हणणे पुरते. घरगुती अत्याचारास बळी पडलेल्या जोडीदारांसाठी न्यूझीलंडच्या कायद्यात वेगळ्या व्हिसाची तरतूद आहे, ही गोष्ट किती बापांना ठाऊक असते? मुलीच्या ट्रंकेत लोणच्याची बरणी नीट बांधून देणाऱ्यांनी ही माहितीही बांधून द्यावी.

येथवर परक्यांचे दोष झाले. आता घरचे. आमच्याकडील परिचयपत्रकांत गोत्र असते, रास-नाडी असते, उंची इंचापर्यंत असते आणि वार्षिक उत्पन्न तर ठळक अक्षरांत असते. परंतु “मुलगा परदेशी असतो” यापलीकडे तो तेथे कोणत्या हक्काने असतो, याची एक ओळही नसते. तो नागरिक आहे, कायम रहिवासी आहे की दोन-तीन वर्षांच्या कामाच्या परवान्यावर आहे, यावर मुलीचे पुढील आयुष्य अवलंबून असते. तात्पुरत्या परवान्यावर असलेल्या मुलाच्या पत्नीस वर सांगितलेला विशेष व्हिसा मिळतच नाही. पत्रिका जुळविण्यासाठी जे दोन तास खर्च होतात, त्यांतील दहा मिनिटे वराचा परवाना पाहण्यात घालवली, तर तो विचारणे अपमानाचे मानणारे सोयरे आधीच ओळखू येतील.

दुसरा दोष नोंदणीचा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विवाहनोंदणी सर्व धर्मीयांस सक्तीची करावी असा निर्देश दिला. महाराष्ट्राचा नोंदणीचा कायदा तर १९९८ चा आहे. तरीही नोंदणीची आठवण आमच्या लोकांना होते ती व्हिसाचा अर्ज भरताना. उलट काही अतिहुशार मंडळी लग्नापूर्वीच नोंदणी उरकून घेतात, म्हणजे व्हिसाचे काम पुढे सरकते आणि मांडव सवडीने घालता येतो! एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारावर कोरडे ओढले. व्हिसासारख्या व्यावहारिक सोयीसाठी नोंदणी करून ठेवण्याच्या प्रथेचा उल्लेख करून न्यायालयाने बजावले की, हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाले नसतील तर केवळ प्रमाणपत्राने विवाह होत नाही. सोयीसाठी काढलेला असा कागद उद्या अधिकाऱ्याच्या हाती लागला तर तो खऱ्या लग्नालाही खोटे ठरवील.

दिल्लीच्या सरकारचे वर्तनही स्पृहणीय नाही. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची नोंदणी तीस दिवसांत सक्तीची करणारे विधेयक ११ फेब्रुवारी २०१९ रोजी राज्यसभेत मांडले गेले. त्याचे कायद्यात रूपांतर न होता पाच वर्षे लोटली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात याच विषयावर सर्वंकष कायदा करावा अशी शिफारस केली. म्हणजे गाडी निघाली तेथेच परत आली. दरम्यान मार्च २०२५ मध्ये न्यूझीलंडचे पंतप्रधान ख्रिस्तोफर लक्सन दिल्लीस आले, व्यापारकराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि डिसेंबरात त्या पूर्ण झाल्याचे उभय सरकारांनी जाहीर केले. त्यात दूधदुभत्यावरून ओढाताण झाली, विद्यार्थ्यांचा आणि कुशल कामगारांचा विचार झाला. हे विद्यार्थी आणि हे कामगार पंचविशी-तिशीचे आहेत, ते पुढेमागे लग्न करतील आणि बहुधा आपल्या गावी येऊन करतील, हे दोन्हीकडील मुत्सद्द्यांच्या ध्यानात यावयास हवे. आमची मागणी एवढीच आहे की, भारतात विधिवत लागलेल्या आणि नोंदलेल्या विवाहाचे प्रमाणपत्र हा विवाहाचा प्रथमदर्शनी पुरावा मानावा, एवढे परराष्ट्रमंत्रालयाने अशा प्रत्येक देशाशी बोलताना पुढे ठेवावे. सहवासाची परीक्षा घ्यावयाचीच असेल तर ती पत्नी तेथे पोहोचल्यानंतर, वर्षभराने घ्यावी.

दिल्लीत आणि वेलिंग्टनात हे केव्हा घडेल ते घडो. गोंदियात करण्याजोगे काम मात्र या लग्नसराईतही होऊ शकते. ग्रामपंचायत आणि नगरपरिषद यांनी विवाहाचे प्रमाणपत्र हेलपाटे न घालावयास लावता द्यावे. त्यावरील वधूचे माहेरचे आणि सासरचे नाव पासपोर्टाशी जुळते की नाही हे तेथल्या तेथे पाहावे, कारण नावातील एका अक्षराच्या फरकाने महिने जातात. अनिवासी विवाहांतील तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. त्याचा पत्ता आणि दूरध्वनी जिल्हाधिकारी कचेरीच्या फलकावर लावावा. आणि परिचय मेळावे भरविणाऱ्या सर्व समाजांच्या मंडळांनी आपल्या छापील अर्जात, उंची आणि रास यांच्या खाली, आणखी एक रकाना वाढवावा: वर परदेशी असल्यास त्याच्या परवान्याचा प्रकार व मुदत.